कालासचा खटला आणि त्याची फेरतपासणी

न्यायाधीशाच्या हातून चूक व्हावी ही गोष्ट नवी नाहीं; मनुष्य आहे तेथें प्रमाद आहेच. परंतु आपल्या हातून प्रमाद घडला असें न्यायासनानें मान्य करावें, बांधून ठेवलेलें दप्तर पुन्हां सोडावें, आणि जो मनुष्य देहान्त शासन भोगून गेला त्याच्या नांवावरचा कलंक धुवून काढावा, असे प्रसंग इतिहासांत फार थोडे आढळतात. अठराव्या शतकांतील फ्रान्समध्यें असा प्रसंग घडण्याचा संभव जवळजवळ नव्हताच; आणि तरी तो तेथें घडला. त्या देशाच्या दक्षिण भागांत तुलूझ नांवाचें मोठें शहर आहे. तेथें १७६२ सालीं जाँ कालास नांवाच्या एका वृद्ध कापडव्यापाऱ्याला, पोटच्या मुलाचा खून केल्याच्या आरोपावरून, हातापायांचीं हाडें मोडून ठार मारण्यांत आलें. पुढें तीन वर्षांनीं, त्याच राजाच्या अमदानींत, तो निर्दोष होता असा निकाल झाला. ही हकीकत बहुधा व्हॉल्टेअरच्या चरित्रांतील एक तेजस्वी प्रकरण म्हणून सांगण्यांत येते, व तें योग्यहि आहे. तथापि मूळची ती एका उद्ध्वस्त कुटुंबाची कथा आहे. आणि त्या कुटुंबानें काय मागितलें, त्याला काय मिळालें व काय मिळालें नाहीं, हें नीट पाहिल्यावांचून तिचें मर्म ध्यानांत येत नाहीं.

प्रथम काळाची कल्पना घेतली पाहिजे. चौथ्या हेन्री राजानें १५९८ मध्यें नान्तच्या आज्ञापत्रानें प्रॉटेस्टंट प्रजेला जें धर्मस्वातंत्र्य दिलें होतें, तें चौदाव्या लुईनें १६८५ मध्यें हिरावून घेतलें. तेव्हांपासून कायद्याच्या दृष्टीनें फ्रान्समध्यें प्रॉटेस्टंट मनुष्य अस्तित्वांतच नव्हता. त्याचा विवाह कॅथॉलिक धर्मगुरूपुढें लागला नसेल तर तो विवाह नव्हे, आणि त्याची संतति औरस नव्हे. वकिली व सरकारी अधिकार यांचे दरवाजे त्याला बंद होते. घरांतील नोकरमाणूससुद्धां कॅथॉलिकच ठेवावें लागे. तुलूझ शहरीं तर या वैराला स्थानिक इतिहासाची जोड होती. १५६२ सालीं तेथें प्रॉटेस्टंटांचा पाडाव व कत्तल झाली होती, आणि त्या दिवसाचा उत्सव शहर दरवर्षीं मिरवणूक काढून साजरा करी. १७६२ हें त्या घटनेच्या द्विशताब्दीचें वर्ष. त्याच वर्षीं फेब्रुवारींत फ्रान्स्वा रोशेत नांवाच्या प्रॉटेस्टंट उपदेशकाला तुलूझमध्यें फांशीं देण्यांत आलें, व त्याच्या सुटकेसाठीं धांवलेल्या तिघां भावांचा शिरच्छेद झाला. ज्या हवेंत कालासचा खटला चालला ती हवा अशी होती.

जाँ कालासचें दुकान फिलात्ये नांवाच्या भरवस्तीच्या रस्त्यावर होतें. हिंदुस्थानांतून युरोपांत जाणाऱ्या रंगीत छापील छिटांची त्या काळीं तिकडे फार आवड असे. इतकी कीं फ्रेंच भाषेंत त्या कापडाला ‘हिंदुस्थानी’ या अर्थाचेंच नांव पडलें होतें. तिकडील कारखानेहि त्याच धर्तीचें कापड छापूं लागले होते. कालासचा व्यापार अशा छिटांचा. त्याची पत्नी आन-रोज ही इंग्लंडांत जन्मलेली, फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट घराण्यांतली. त्यांना चार मुलगे व दोन मुली. जान व्हिग्येर नांवाची जुनी मोलकरीण कॅथॉलिक असून नेमनिष्ठ होती. तिसरा मुलगा लुई यानें कांहीं वर्षांपूर्वीं कॅथॉलिक पंथ स्वीकारला होता, आणि त्या कामीं या मोलकरणीचाच हात होता. असें असूनहि कालासनें तिला घरांतून काढलें नाहीं, व लुईला खर्चासाठीं तो रक्कम देत असे. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. कारण पुढें याच माणसावर, मुलगा धर्म सोडतो म्हणून त्याचा गळा आवळल्याचा आरोप आला.

थोरला मुलगा मार्क-आंत्वान हा अठ्ठावीस वर्षांचा, वाचनाचा नादी, स्वभावानें उदास. त्यानें कायद्याचा अभ्यास केला होता. परंतु वकिलीची सनद मिळण्यास कॅथॉलिक असल्याचा धर्मगुरूचा दाखला लागे, तो त्याला मिळेना. आणि बापाच्या दुकानांत गज घेऊन कापड मोजण्यांत त्याचें मन रमेना. ता. १३ ऑक्टोबर १७६१ रोजीं संध्याकाळीं घरीं एक पाहुणा आला होता. तुलूझमधील एका नामांकित वकिलाचा हा मुलगा, त्याचें नांव लाव्हेस. आईबाप, मार्क-आंत्वान, धाकटा पिएर व हा पाहुणा असे पांच जण माडीवर जेवावयास बसले. जेवण आटोपतांच मार्क-आंत्वान उठून खालीं गेला. पुढें दोन तासांनीं पिएर हा पाहुण्याला दिवा दाखवीत खालीं उतरला, तों दुकानांत भावाचें प्रेत! आरडाओरड झाली, शेजारपाजार जमला, शस्त्रवैद्याच्या हाताखालील एका उमेदवाराला बोलावून आणलें. त्यानें गळ्याभोंवतालचें वस्त्र सोडून पाहिलें, तों दोरीचा वळ स्पष्ट दिसला.

येथें कालास कुटुंबाकडून एक गोष्ट घडली, आणि तिनेंच पुढें त्यांचा घात केला. पहिल्या जबानींत सर्वांनीं सांगितलें कीं, प्रेत जमिनीवर पडलेलें आढळलें. कोणी बाहेरच्यानें खून केला असावा. पुढें त्यांनीं ही जबानी फिरविली. दुकान व कोठार यांच्यामधील दाराच्या दोन्ही फळ्यांवर एक दांडकें आडवें टाकून त्याला मार्क-आंत्वान लटकत होता, व आपणच त्याला खालीं उतरविलें, असें ते सांगूं लागले. असत्य कां बोललां, याचें उत्तर त्या काळच्या कायद्यांत होतें. आत्महत्या करणाराच्या प्रेतावर खटला चाले. तें तट्ट्यावर पालथें घालून रस्त्यांतून फरफटत नेत आणि त्याची मालमत्ता जप्त होई. पोराच्या देहाची ही विटंबना टळावी व कुटुंबाची अब्रू राहावी, म्हणून बापानें घरच्यांना गप्प राहण्यास सांगितलें. कायद्याच्या क्रौर्यानें ज्यांना खोटें बोलावयास लावलें, त्यांना तोच कायदा पुढें खोटेपणाबद्दल संशयित ठरविता झाला.

आतां तपासाकडे वळूं. तुलूझच्या नगराधिकाऱ्यांना कापितूल म्हणत. त्यांपैकीं दाव्हिद द बोद्रिग हा अधिकारी त्या रात्रीं शिपाई घेऊन आला. बाहेर गर्दींतून कोणीतरी ओरडलें कीं, पोरगा कॅथॉलिक होणार होता म्हणून या पाखंड्यांनीं त्याला मारलें. हा आवाज कोणाचा हें कधींच निष्पन्न झालें नाहीं. पण त्या एका आरोळीनें तपासाची दिशा ठरली. वास्तविक अधिकाऱ्याचें पहिलें कर्तव्य असें कीं, जागच्या जागीं पंचनामा करावा, दार, दांडकें, दोरी, मृताचे कपडे व प्रेताची स्थिति यांची नोंद घ्यावी, घरांत बाहेरचा कोणी दडून बसला आहे काय तें पाहावें. यांपैकीं कांहीं एक न करितां त्यानें घरांतील सर्वांना—बाप, आई, पिएर, लाव्हेस व ती मोलकरीण—कैद करून नगरगृहांत नेलें, आणि पंचनाम्याचा कागद तेथें बसून तयार केला. जो पुरावा त्या रात्रीं तासाभरांत हातीं लागला असता, तो असा कायमचा हरपला. पुढें तीन वर्षें पॅरिसच्या नामवंत कायदेपंडितांनीं डोकीं खाजविलीं, तरी त्या रात्रीचें दुकान त्यांना परत पाहतां आलें नाहीं.

यानंतर पुरावा गोळा करण्याची जी रीत अवलंबिली ती तर फारच विलक्षण. धर्मपीठाकडून एक आज्ञापत्र काढून तें शहरांतील देवळांतून लागोपाठ रविवारीं वाचविण्यांत आलें. ज्यांना ज्यांना या खुनाची माहिती असेल, मग ती ऐकीव कां असेना, त्यांनीं ती सांगावी, न सांगणाऱ्यास धर्मबहिष्काराची भीति. मार्क-आंत्वान धर्मांतर करणार होता व म्हणून घरच्यांनीं मसलत करून त्याला मारलें, हें या पत्रांत गृहीतच धरलें होतें. आरोपींच्या बाजूनें कोणास कांहीं सांगावयाचें असल्यास तें ऐकून घेण्याची सोय त्यांत नव्हती. मग काय विचारतां! एकानें ऐकलें कीं दुसऱ्यानें ऐकलें, अशा साक्षींचा पाऊस पडला. इकडे मृताला हुतात्मा ठरवून कॅथॉलिक विधींनीं मोठ्या थाटानें पुरण्यांत आलें. शुभ्र वस्त्रें परिधान करणाऱ्या एका धर्मसंघानें त्याच्यासाठीं प्रार्थना केली, तेव्हां उंच चौथऱ्यावर एक सांगाडा उभा करून त्याच्या हातीं हौतात्म्याची खूण म्हणून ताडपर्ण दिलें होतें, अशी हकीकत आहे. मार्क-आंत्वान कॅथॉलिक होणार होता याला विश्वसनीय पुरावा कधींच मिळाला नाहीं. पण न्यायाधीशांच्या निकालाआधींच शहराचा निकाल झालेला होता.

त्या काळच्या फ्रेंच फौजदारी पद्धतीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. खटला बंद दारांआड चाले. आरोपीला वकील नसे. साक्षी कोणत्या झाल्या हें त्याला अखेरपर्यंत बहुधा कळत नसे. निकालाला कारणें देण्याचें बंधन नव्हतें. पुराव्याचें मोजमाप मोठें गमतीचें असे: पूर्ण पुरावा, अर्धा पुरावा, आणि तुलूझमध्यें तर पाव व आणेलीच्या हिशेबाचा अर्धपाव पुरावासुद्धां, अशा चिल्लर पुराव्यांची बेरीज करून मनुष्याचा प्राण घेतां येई. व्हॉल्टेअरनें पुढें यावर कडक टीका केली कीं, आठ अफवा एकत्र केल्या म्हणजे त्यांचें एक सत्य होतें काय? पुरावा अपुरा पडला तर छळाच्या यंत्रावर घालून कबुली काढण्याचा मार्ग मोकळा होताच.

नगराधिकाऱ्यांच्या निकालावरून प्रकरण तुलूझच्या पार्लमांकडे गेलें. ही पार्लमां म्हणजे त्या प्रांताची सर्वश्रेष्ठ न्यायसभा. इंग्लंडच्या पार्लमेंटशीं तिचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाहीं. तेरा न्यायाधीश बसले. विचार करण्यासारखे मुद्दे थोडे नव्हते. त्रेसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्यानें अठ्ठावीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या तरुणाला एकट्यानें लटकावणें शक्य नाहीं. मारलें असेल तर सर्वांनीं मिळून. म्हणजे ज्या मोलकरणीनें एका मुलाला कॅथॉलिक केलें तिनेंच दुसऱ्याला कॅथॉलिक होतो म्हणून मारण्यास हात लावला, आणि त्याच संध्याकाळीं सहज येऊन टपकलेला पाहुणाहि त्यांत सामील झाला! प्रेतावर झटापटीची खूण नव्हती. पांचहि जण रात्रभर एकत्र होते. तेव्हां एकतर सर्व अपराधी, नाहींतर सर्व निरपराधी. मृत्युदंडासाठीं नुसतें बहुमत पुरत नसे, दोन मतांचें आधिक्य लागे. प्रारंभीं सात न्यायाधीश मृत्युदंडाच्या बाजूनें होते; सहांना तो मान्य नव्हता, व त्यांतील कांहींना आणखी तपास हवा होता. अखेर एकानें आपलें मत फिरविलें आणि आठ विरुद्ध पांच असा आंकडा झाला. ता. ९ मार्च १७६२ रोजीं शिक्षा ठरली. दुसऱ्याच दिवशीं तिची अंमलबजावणी झाली.

त्या दिवसाचें सविस्तर वर्णन करण्याचें कारण नाहीं. आधीं छळ करून साथीदारांचीं नांवें विचारलीं. म्हातारा म्हणाला, जेथें गुन्हाच नाहीं तेथें साथीदार कोठून असणार? मग सें-जॉर्ज चौकांत त्याचीं हाडें मोडून त्याला चक्रावर उताणें ठेवलें, दोन तासांनीं गळा आवळला, व देह जाळून टाकला. शेवटच्या घटकेस दाव्हिद द बोद्रिग जवळ जाऊन कबुली दे म्हणून पुन्हां बजावूं लागला. कालासनें तोंड फिरविलें. बरोबर असलेल्या कॅथॉलिक धर्मोपदेशकांनाहि त्याच्या धैर्याचें आश्चर्य वाटलें. आपण निर्दोष मरत आहों, हें एकच वाक्य त्याच्या तोंडून पुनःपुन्हां निघालें.

न्यायाधीशांचा कयास असा होता कीं, यातना असह्य झाल्या म्हणजे म्हातारा सर्व कबूल करील आणि बाकीच्यांनाहि शिक्षा देणें सोपें जाईल. तो कयास फसला. आतां काय करावें? ता. १८ मार्चला त्यांनीं पिएरला हद्दपारीची शिक्षा दिली आणि आई, लाव्हेस व मोलकरीण यांना सोडून दिलें. हा दुसरा निकाल म्हणजे पहिल्या निकालाचें न कळत दिलेलें खंडनच होय. पांच जण मिळूनच हें कृत्य करूं शकत होते, आणि पांचांपैकीं तिघे सुटले! मग ज्याला मारलें त्यानें एकट्यानें हें कसें केलें? पुढें फेरतपासणीच्या मागणीला जो पहिला भक्कम आधार मिळाला, तो तुलूझच्या न्यायाधीशांनीं आपल्याच हातानें लिहून ठेवलेला होता.

कुटुंबाची अवस्था काय झाली तें पाहा. पिएरला हद्दपार करण्याचा देखावा करून वेशीबाहेर नेलें व लगेच परत आणून एका मठांत कोंडलें. तेथून तो जुलैंत निसटून जिनीव्हेला गेला. दोन्ही मुलींना राजाज्ञेनें आईपासून तोडून निरनिराळ्या मठांत ठेवलें. नीम शहरीं शिकाऊ म्हणून असलेला सर्वांत धाकटा दोना हा बापाची वार्ता ऐकून जिनीव्हेकडे पळाला. विधवा आई, नवरा गेलेली, थोरला मुलगा गेलेला, दुकान बुडालेलें, मुली हिरावलेल्या, अशी एकटी उरली. नवऱ्याचें नांव घेणें म्हणजे पुत्रघातक्याचें नांव घेणें. या बाईनें कोठेंतरी खेड्यांत तोंड लपवून दिवस काढले असते तर कोणी तिला दोष दिला नसता.

मार्चच्या अखेरीस मार्सेयच्या एका व्यापाऱ्याकडून ही बातमी व्हॉल्टेअरच्या कानीं गेली. तो त्या वेळीं जिनीव्हेजवळ फर्नें येथें राहत असे, वय सदुसष्ट. त्याच्या मनावर पहिला परिणाम काय झाला हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्याला कालासचा कळवळा आला नाहीं. उलट त्यानें एका पत्रांत प्रॉटेस्टंटांच्या धर्मवेडावर तिरकस शेरा मारला. बापानें धर्मासाठीं मुलाला मारलें असेल, हें त्याला अशक्य वाटलें नाहीं. परंतु थोड्याच दिवसांत त्याला दुसरी बाजू दिसूं लागली. बापानें मुलाला मारलें असेल तर ती धर्मवेडाची परमावधि. आणि न्यायाधीशांनीं निरपराध बापाला मारलें असेल तर तीहि धर्मवेडाचीच परमावधि. दोहोंपैकीं खरें कोणतें याचा छडा लागल्यावांचून राहतां कामा नये, असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें कोवळ्या दोनाला बोलावून घेऊन घरची रीतभात विचारली; आईबाप कधीं मारीत असत काय म्हणून विचारलें. कालासशीं व्यवहार असलेल्या व्यापाऱ्यांकडे चौकशी केली, तुलूझकडील ओळखीच्या लोकांना पत्रें लिहिलीं. पक्षपाताचा आरोप त्याच्यावर पुष्कळांनीं केला आहे व इतर बाबतींत त्यांत तथ्यहि असेल. पण या बाबतींत तो संशयापासून निघून खात्रीपर्यंत पोंचला. तुलूझच्या अधिकाऱ्यांचा प्रवास नेमका उलट झाला होता. ते खात्रीपासूनच निघाले होते.

खात्री झाल्यावर मात्र त्यानें जें केलें तें त्याच्या लेखणीलाच साधणारें होतें. मंत्री, सरदार, राजदरबारांतील स्त्रिया, युरोपांतील राजे, यांना पत्रांवर पत्रें गेलीं. जुलै १७६२ मध्यें त्यानें या प्रकरणाचे कागद म्हणून एक पत्रक छापलें. त्यांतील विधवेच्या व दोनाच्या नांवाच्या मजकुरावर त्याचा स्वतःचा हात फिरलेला आहे हें उघड दिसतें. जो खटला बंद दारांआड चालला, त्याची दारें त्यानें छापखान्याच्या साहाय्यानें उघडलीं. परंतु लेखणीनें जनमत जागें होतें. निकाल फिरत नाहीं. निकाल फिरविण्यास कायद्यानें ज्याला हक्क आहे असा फिर्यादी पाहिजे, आणि तो हक्क त्या विधवेचा होता.

तिला पॅरिसला जाण्यास तयार करणें सोपें गेलें नाहीं. ज्या राजसत्तेनें नवरा मारला व मुली नेल्या, तिच्याच राजधानींत जाऊन दाद मागावयाची! शिवाय उरलेल्या मुलांवर पुन्हां संकट येईल ही धास्ती. तरी जून १७६२ मध्यें ती गेली. पॅरिसच्या वकीलवर्गानें तिचें काम हातीं घेतलें, ही त्या वर्गाच्या इतिहासांतील अभिमानाची गोष्ट होय. एली द बोमों, मारिएत व ल्वाझो द मोलेओं या तिघांनीं स्वतंत्रपणें निवेदनें लिहिलीं. बोमोंच्या निवेदनाखालीं पंधरा वकिलांनीं आपल्या सह्या केल्या. विधवेची मागणी काय होती? दयेची नव्हे, दया दाखविण्याजोगें कांहीं उरलेंच नव्हतें. पैशाचीहि नव्हे. तुलूझचें दप्तर मागवावें आणि तें कोणीतरी निःपक्षपाती मनुष्यानें वाचावें, एवढेंच तिचें म्हणणें होतें.

पण हीच मागणी सर्वांत जड होती. पार्लमां आपले कागद कोणालाहि दाखविण्यास बांधलेली नव्हती, व दाखविण्याची तिची इच्छाहि नव्हती. एका प्रॉटेस्टंट छिटवाल्याच्या जिवापेक्षां तेरा न्यायाधीशांची अब्रू मोठी, असें म्हणणारे लोक राजधानींतहि होते. निकाल एकदां संशयास्पद ठरला तर न्यायासनावरील लोकांचा विश्वास उडेल, असा युक्तिवाद करण्यांत आला. हा युक्तिवाद प्रत्येक युगांत ऐकूं येतो, म्हणून त्याचें उत्तर त्या वेळींच मिळालें हें सांगण्याजोगें आहे. ता. ७ मार्च १७६३ रोजीं व्हर्साय येथें राजाच्या मंडळाची बैठक भरली. ऐंशीहून अधिक सभासद हजर होते. तुलूझच्या पार्लमांनें खटल्याचें सर्व दप्तर व निकालाचीं कारणें पाठवावीं, असा हुकूम एकमतानें सुटला.

त्याच वर्षीं व्हॉल्टेअरचा सहिष्णुतेवरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. त्याचा आरंभच कालासच्या हकीकतीनें होतो. दप्तर येण्यास विलंब लागला, पण तें आलें. ता. ४ जून १७६४ रोजीं मंडळानें तुलूझचा निकाल रद्द ठरविला. येथें कायद्याचा एक बारकावा आहे. निकाल रद्द होणें म्हणजे आरोपी निर्दोष ठरणें नव्हे. पद्धतींत दोष होता एवढाच त्याचा अर्थ. म्हणून खटला पुन्हां नव्यानें चालविण्यासाठीं राजवाड्याशीं संलग्न असलेल्या निराळ्या न्यायासनाकडे तो सोंपविण्यांत आला. आणि पुनर्विचाराचा विधि पुरा होण्यासाठीं विधवेला, पिएरला, लाव्हेसला व त्या वृद्ध मोलकरणीला पुन्हां एकदां कैदी म्हणून तुरुंगांत दाखल व्हावें लागलें! पॅरिसच्या काँसिएर्जरी तुरुंगांतील त्यांचा प्रसंग कार्मोंतेल या चित्रकारानें रेखाटला आहे: आई, दोघी मुली व मोलकरीण ऐकत आहेत, आणि लाव्हेस वकिलाचें निवेदन वाचीत आहे, पिएर त्याच्या मागून डोकावत आहे. या चित्राचे ठसे वर्गणी जमवून विकण्यांत आले व तें उत्पन्न कुटुंबाला देण्यांत आलें.

ता. ९ मार्च १७६५. तीन वर्षांपूर्वीं याच तारखेला तुलूझमध्यें मृत्युदंड ठरला होता. या दिवशीं पॅरिसमध्यें चाळीस न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, जाँ कालास, त्याची पत्नी, मुलगा, पाहुणा व मोलकरीण हीं सर्व निर्दोष आहेत. पंधराव्या लुईनें कुटुंबाला ३६,००० लिव्र दिले. दाव्हिद द बोद्रिग हा त्याआधींच अधिकारावरून दूर झाला होता. पुढें त्याला वेड लागून त्याच वर्षीं तो मेला. पार्लमांच्या ज्या आठ न्यायाधीशांनीं मृत्युदंडाला मत दिलें, त्यांपैकीं एकावरहि खटला झाला नाहीं. राजानें रक्कम दिली. त्यांच्याकडून जाब घेतला नाहीं.

या विजयाचा हिशेब चोख मांडला पाहिजे. बापाच्या नांवावरचा कलंक गेला. मुली आईला परत मिळाल्या. परंतु मार्क-आंत्वानच्या मृत्यूचें रहस्य उकललें काय? नाहीं. फेरतपासणीनें एवढेंच ठरविलें कीं घरच्यांनीं त्याला मारलें नाहीं. त्यानें आत्महत्या केली असें बहुतेक इतिहासकार मानतात. कोणा बाहेरच्यानें त्याला मारलें असावें, म्हणजे घरच्यांची पहिलीच जबानी खरी असावी, असें म्हणणारेहि आहेत. दोन्ही पक्ष आजवर झगडत आहेत, आणि झगडत राहतील. कारण पहिल्या रात्रीं जें पाहावयाचें तें पाहिलें गेलें नाहीं. अन्यायी तपासाचा हा दुहेरी घात आहे: तो निरपराध्याला मारतो आणि सत्यालाहि पुरून टाकतो. फेरतपासणीनें पहिला घात थोडाफार भरून काढतां येतो, दुसरा क्वचितच.

तरी या विधवेच्या अर्जाचें फळ तिच्या घरापुरतें राहिलें नाहीं. बेकारियाचा दंडनीतीवरील ग्रंथ १७६४ मध्यें इटलींत प्रसिद्ध झाला. व्हॉल्टेअरनें १७६६ मध्यें त्यावर भाष्य लिहिलें व छळाची चाल आणि पावपुराव्याची रीत यांवर घाव घातले. सिर्व्हेन नांवाच्या दुसऱ्या एका प्रॉटेस्टंट कुटुंबावर मुलीच्या खुनाचा असाच आरोप आला होता. त्याला १७७१ मध्यें निर्दोष ठरविण्यांत आलें. कबुली काढण्यासाठीं छळ करण्याची चाल फ्रान्समध्यें १७८० सालीं बंद झाली, व शिक्षेपूर्वीं साथीदारांचीं नांवें काढण्यासाठीं होणारा छळ १७८८ मध्यें. १७८७ च्या आज्ञापत्रानें प्रॉटेस्टंटांच्या विवाहाला व जन्ममृत्यूला कायद्याची मान्यता मिळाली. १७९० च्या कायद्यानें न्यायाधीशांना निकालाचीं कारणें लिहून देणें भाग पाडलें. नवीन पुरावा पुढें आल्यास पूर्वीचा फौजदारी निकाल पुन्हां तपासतां यावा, अशी व्यवस्था तेथील कायद्यांत १८९५ मध्यें झाली. या सुधारणांचें सर्व श्रेय एका खटल्याला देणें अतिशयोक्तीचें होईल. पण त्यांतील प्रत्येकीच्या वादांत कालासचें नांव निघत असे. ११ जुलै १७९१ रोजीं व्हॉल्टेअरच्या अस्थि पॅरिसच्या पँथिऑनमध्यें नेण्यांत आल्या, तेव्हां त्याच्या शवरथावर त्यानें ज्यांचा कैवार घेतला त्यांचीं नांवें लिहिलेलीं होतीं, आणि त्यांत पहिलें नांव या कापडव्यापाऱ्याचें होतें. आन-रोज कालास त्या वेळीं हयात होती. पुढल्या वर्षीं ती वारली.

मेलेला मनुष्य परत येत नाहीं, मग झालें गेलें उकरून काढण्यांत काय अर्थ, असें अशा कुटुंबांना नेहमीं सांगण्यांत येतें. हा उपदेश करणारे बहुधा सद्हेतूचेच असतात. परंतु मेलेल्याबरोबर निकाल मरत नाहीं. तो मागें राहिलेल्यांच्या नांवाला चिकटतो. मुलींच्या लग्नांत, मुलांच्या धंद्यांत, शेजाऱ्यांच्या नजरेंत तो रोज नव्यानें बजावला जातो. म्हणून त्या बाईचा अर्ज मृतासाठीं जितका होता तितकाच जिवंतांसाठीं होता, आणि ज्या न्यायासनापुढें तिनें तो केला त्याच्यासाठींहि होता. दप्तर उघडल्यानें फ्रान्सच्या न्यायाची लाज गेली असें आज कोणीहि म्हणत नाहीं. तुलूझच्या तेरा न्यायाधीशांनीं तें मिटून ठेवण्याचा जो आग्रह धरला, तोच तेवढा लोकांच्या लक्षांत राहिला आहे.